व्हायोलिन गळ्यासारखे गाते, एवढेच त्याचे मोठेपण आहे का?

मांडवीतीर

आपल्याकडे व्हायोलिनवादकाला द्यायची सर्वांत मोठी दाद ठरलेली आहे. ‘काय गातंय व्हायोलिन!’ असे कुणी म्हटले की त्यापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. प्रभाकर जोगांच्या वादनाला ‘गाणारे व्हायोलिन’ म्हणतात आणि ते सर्वथा योग्य आहे. डॉ. एन. राजम यांचा ख्याल ऐकताना बंदिशीचे शब्दसुद्धा ऐकू येतात असे जाणकार सांगतात, तेही मला मान्य आहे. तरीही पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिन मनापासून ऐकू लागल्यापासून ही दाद मला अपुरी वाटू लागली आहे, आणि त्याविषयी येथील रसिकांशी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

माझ्या या ओढीच्या केंद्रस्थानी एकच रचना आहे. योहान सेबास्टियन बाख यांच्या एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांचे त्यांच्या हातचे हस्तलिखित १७२० सालचे आहे. त्यांतील डी मायनर पार्टिटाचा, म्हणजे नृत्यांच्या चालींवर बांधलेल्या भागांच्या मालिकेचा, शेवटचा भाग म्हणजे ‘शाकोन’. साथीला पियानो नाही, दुसरे कोणतेही वाद्य नाही. खर्जातली एक छोटी चाल घेऊन, कधी ती उघड ठेवून तर कधी बदलून, बाख तिच्यावर सुमारे पंधरा मिनिटे एकामागून एक रूपे उभी करत जातात. खाली एक आवाज चालत असतो, वर दुसरा त्याला उत्तर देतो, मध्येच तिसरा डोकावतो, आणि हे सारे चार तारा व एक गज यांतून. असे कोणत्या गळ्याला जमेल? गवई कितीही थोर असला तरी एका क्षणी एकच स्वर लावू शकतो.

माझे घर फोंडा तालुक्यातले, कान नाट्यगीतांवर आणि भजनावर वाढलेला. हार्मनीचे, म्हणजे अनेक स्वर एकत्र बांधण्याच्या शास्त्राचे, शिक्षण मी घेतलेले नाही. असे असूनही ही रचना मला धरून ठेवते, आणि दर वेळी तिच्यात न ऐकलेले काहीतरी सापडते. म्हणून दोन गोष्टी विचारतो. व्हायोलिनची थोरवी गळ्याच्या मापाने मोजणे आपण थांबवावे काय? आणि तुम्हा प्रत्येकाला या वाद्याची ओढ कोणत्या रचनेने किंवा कोणत्या वादनाने लावली?

कुळागर

विषय अतिशय आवडला. मी पाश्चात्त्य संगीत फारसे ऐकलेले नाही, त्यामुळे मत देण्याऐवजी वाचत राहीन. मात्र ज्याला काहीच माहीत नाही त्याने ही रचना कुठून पकडावी, हे कुणीतरी सांगावे अशी विनंती आहे.

रियाझ

मी हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन शिकले आहे आणि शिकवतेही. मांडवीतीर यांच्या रसिकतेविषयी पूर्ण आदर ठेवून त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे.

गळ्याशी केलेली तुलना हे या वाद्याला आपल्या संगीताने दिलेले स्थान आहे. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितर यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात आणले ते दोनशे वर्षांपूर्वी. तेथे ते रुजले याचे कारण गायकाच्या स्वरामागे सावलीसारखे जाण्याची त्याची शक्ती. या वाद्याला पडदे नाहीत, म्हणून दोन स्वरांमधली सगळी वाट डाव्या हाताला मोकळी असते. दरबारीतला आंदोलित गंधार पडद्याच्या एका जागी सापडत नाही. तो बोटाने शोधावा लागतो, जसा गायक तो गळ्याने शोधतो. एन. राजम यांनी पंडित ओंकारनाथ ठाकुरांसारख्या गवयाकडे तालीम घेतली, ती याच कारणाने.

आमची बैठकसुद्धा त्यासाठीच बदललेली आहे. पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यामध्ये धरतो. आम्ही मांडी घालून बसतो, वाद्याचे डोके उजव्या पावलाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरे टोक छातीशी येते. वाद्य असे दोन्हीकडून स्थिर झाले की डाव्या हातावर त्याचा भार राहत नाही आणि तो हात खालपासून वरपर्यंत अखंड सरकू शकतो. मींड तेथूनच येते.

गजाविषयी एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. गज संपत आला की स्वरही संपणार, हे भान गायकाच्या श्वासासारखे आहे. बंदिशीच्या अक्षरांप्रमाणे गज कुठे बदलायचा हे ज्याला कळत नाही, त्याची बोटे कितीही पळोत, त्याचा ख्याल उभा राहत नाही. त्यामुळे ‘गाते’ ही दाद अपुरी म्हणणे मला पटत नाही. ती मिळवायला आयुष्य जाते.

सासष्टी

या चर्चेत गोव्याची आणखी एक बाजू यायला हवी. आमच्याकडे व्हायोलिन आले ते चर्चमधून. पोर्तुगीज अमदानीत पॅरिशच्या शाळांतून मुलांना सोल्फेज शिकवले जाई, म्हणजे स्वरलिपी पाहून स्वर उच्चारणे, आणि त्याबरोबर व्हायोलिनही. शिकवणारा मेस्त गायकवृंदही सांभाळायचा आणि हातात गजही धरायचा. पिढ्यान्‌पिढ्या मुले कागदावरचे संगीत वाचायला शिकली ती या शाळांत.

क्रुसासमोर लादायन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, असते तेव्हा गाणाऱ्यांबरोबर व्हायोलिन असते. उपासाच्या काळातल्या मोतेतांनाही, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांनाही, व्हायोलिनची साथ असते, खाली रबेकांवचा, म्हणजे मोठ्या डबल बासचा, खर्ज असतो. मांडो हे कोकणी गीत गाताना घुमटाबरोबर व्हायोलिन हवेच. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावर लादायनीला दोन व्हायोलिने असायची. पहिले गाण्याची चाल वाजवायचे आणि दुसरे खालून तिसऱ्या स्वराच्या अंतराने चालायचे. मला नेहमी ते दुसरे व्हायोलिन ऐकावेसे वाटे. गाणाऱ्यांच्या तोंडी ते नसायचे, त्याची चाल घरी जाऊन कुणी गुणगुणत नसे, पण ते थांबले की सगळे गाणे पातळ व्हायचे. मांडवीतीर ज्याविषयी लिहीत आहेत ती ओढ मला तेथून लागली. रियाझताईंचे म्हणणे एका आवाजाविषयी आहे. आमच्या कानाला सुरुवातीपासून दोन आवाजांची सवय आहे.

खाजन

सासष्टी, दुसऱ्या व्हायोलिनविषयी तुम्ही लिहिलेले शब्दशः खरे आहे. आमच्या गावीही तसेच होते.

आबोली

मला वाटते की ‘गायकी’ आणि ‘पाश्चात्त्य’ अशी दोनच टोके धरली तर मधला मोठा प्रदेश सुटतो. पंडित व्ही. जी. जोग यांचे वादन आठवून पाहा. १९२२ साली जन्मलेल्या या कलावंताने गायकीचे शिक्षण घेतलेच, पण उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचेही मार्गदर्शन घेतले. त्यांच्या वादनात आलापी गळ्याची असते आणि पुढे लय वाढली की गजाचे छोटे, तुटक आघात सुरू होतात, तबल्याशी सवाल-जबाब होतात, तिहाया येतात. ते गाणे नव्हे, ते वाद्याचेच बोलणे आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबरची त्यांची जुगलबंदी ऐकताना सनई आणि व्हायोलिन एकमेकांना चिमटे काढतात तो आनंद कोणत्याही ख्यालात मिळत नाही.

आपल्या गोमंतकाच्या संदर्भात श्रीधर पार्सेकर यांचे नाव येथे यायलाच हवे. गोमंतकाने दिलेले हे व्हायोलिनवादक संगीतकारही होते. केसरबाई, मोगूबाई, दीनानाथ यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो, पण गजावर प्रभुत्व असलेल्या आपल्या माणसांचे स्मरण त्या मानाने फार कमी होते, याची मला मनापासून खंत वाटते. पणजीच्या कला अकादमीत हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतांचे शिक्षण दिले जाते. एका छताखाली शिकणाऱ्या या मुलांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावे, असे मला फार वाटते.

मांडवीतीर

रियाझताई, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. गायकी अंगाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. गजाच्या श्वासाविषयी तुम्ही लिहिलेत ते बाखलाही लागू पडते, हे मला तुमच्यामुळे नव्याने लक्षात आले, कारण शाकोनमधल्या लांब पळत्या ओळी श्वास न घेता वाजवल्या की निव्वळ व्यायाम वाटतात.

माझा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. समजा एखाद्याने बाखचे वादन ऐकून ‘गळ्यासारखे आहे’ म्हटले, तर त्याने रचनेतला निम्मा भाग ऐकलाच नाही असे होईल. आबोलीताईंनी जोगसाहेबांचे उदाहरण दिले ते माझ्या म्हणण्याला बळ देणारे आहे. तेथेही आपण दाद देतो ती गजाच्या करामतीला, आणि तरी घरी येऊन सांगताना ‘गायलं’ असेच म्हणतो.

खुंटी

एकाच वेळी दोन-तीन आवाज निघतात कसे, हे वाद्य हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. मी वाद्यदुरुस्तीचे काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो.

व्हायोलिनच्या घोडीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी आधाराची, वरची कड कमानदार असते. ती सपाट असती तर गज टेकताच चारही तारा बोलल्या असत्या. कमानीमुळे गज एका तारेवर ठेवता येतो, आणि किंचित कलता केला की शेजारच्या दोन तारा एकदम बोलतात. तीन किंवा चार स्वर हवे असतील तर वादक आधी खालच्या दोन तारांवर गज टाकतो आणि क्षणात वरच्या दोन तारांवर वळवतो. म्हणजे चारही स्वर एकाच क्षणी वाजत नाहीत. खालचा स्वर सुटलेला असतो, पण आपला कान त्याला धरून ठेवतो. शाकोनच्या पहिल्याच मापात हे घडते. शिवाय बाखच्या काळातला गज आजच्यासारखा आत वळलेला नव्हता. आज सर्वत्र वापरला जाणारा गज अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे कारागीर फ्रान्स्वा तुर्त यांनी घडवला. त्यामुळे त्याच रचनेचे स्वरगुच्छ जुन्या घडणीच्या गजावर हलके आणि मोकळे येतात.

गोव्यातल्या वादकांना या घोडीविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. तार पुन्हा पुन्हा सुरात लावताना घोडीचे वरचे टोक हळूहळू बोटे ठेवायच्या पट्टीकडे झुकते. पावसाळ्यात हवा ओली असते, खुंट्या फुगून घट्ट होतात, माणूस जोर लावतो आणि घोडी आणखी झुकते. तशीच ठेवली तर ती वाकते किंवा एके दिवशी आपटते, आणि वाद्याच्या आत उभी असलेली लाकडी कांडीही पडण्याची शक्यता असते. ही कांडी गोंदाने चिकटवलेली नसते, ती तारांच्या दाबाने उभी असते. वाद्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात, म्हणजे जनावराच्या कातड्यापासून केलेल्या गोंदाने; तो दमट हवेत सैल पडतो. गजाचे केसही ओलाव्याने लांबतात. वाजवून झाल्यावर गज सैल करावा, वाद्य पेटीत ठेवावे, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. ज्या भिंतीला ओल येते तिच्याजवळ पेटी ठेवू नये. आजोबांचे म्हणून जपलेले वाद्य सांधे उघडलेल्या अवस्थेत माझ्याकडे येते तेव्हा जीव तुटतो.

दर्या

खुंटीबाब, ही माहिती प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे.

मला सासष्टी यांनी मांडलेला धागा पुढे न्यायचा आहे. पॅरिशच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेले हे गोमंतकीय वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा कणा बनले. गाण्याची चाल संगीतकाराची, पण तिच्या मागे व्हायोलिनांचा जो समूह उसळतो, त्याची लिखावट अनेकदा सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांची होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे तर व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला अनेक आवाजांची बांधणी, आणि मध्ये व्हायोलिन, हे त्यांनी आपल्या आधी करून ठेवले आहे.

मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे : त्या जुन्या गाण्यांमध्ये गायिकेचा स्वर थांबतो आणि व्हायोलिनांचा समूह पुढे येतो, ती जागा मी लहानपणी रेडिओला कान लावून ऐकत असे. मला ओढ लागली ती तेथे. गळा थांबल्यावर जे सुरू होते त्याची.

घुमट

कुळागर यांनी सुरुवातीला विचारले होते की ही रचना कुठून पकडावी, आणि त्याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. मी तबल्याचा विद्यार्थी आहे, माझी वाट सांगतो.

पहिल्यांदा फक्त मात्रा मोजाव्यात. शाकोन तीन मात्रांच्या मापात आहे, पण ती पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही, दुसऱ्या मात्रेवर सुरू होते आणि तिथेच वजन पडते. ‘एक’वर उठायची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखे वाटते. एकदा का ते वजन अंगात बसले की पुढची सगळी रूपे त्याच चौकटीत मांडता येतात, जशी आपण आवर्तने मोजतो.

दुसरी गोष्ट आपल्या कानाला फार जवळची आहे. या संपूर्ण रचनेत षड्ज हलत नाही. सुरुवातीचा मोठा भाग मायनरमध्ये आहे, मध्यावर मेजर येते आणि शेवटी पुन्हा मायनर. पण तिन्ही वेळा ‘सा’ तोच राहतो. पाश्चात्त्य संगीत ऐकताना आपला घोटाळा होतो तो बहुतेक वेळा षड्ज बदलल्यामुळे. येथे तो प्रश्न नाही. कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार येतो तो क्षण आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही, तो तंबोऱ्यावर वाढलेल्या माणसाला अंगावर शहारा आणून कळतो. त्या मेजर भागात पुढे एक जागा आहे, जिथे पंचम पुन्हा पुन्हा वाजवला जातो आणि त्याच्याभोवती इतर आवाज फिरतात. मांडवीतीर, हार्मनी न शिकताही ही रचना तुम्हाला धरून ठेवते त्याचे एक कारण हा स्थिर षड्ज असावा असे माझे मत आहे.

रियाझ

घुमट यांचा प्रतिसाद वाचून मी शाकोन ऐकली, आणि नंतर स्वरलिपीची प्रत समोर ठेवून पुन्हा ऐकली. सुमारे मध्यावर येणाऱ्या त्या शुद्ध गंधाराविषयी त्यांनी लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. मी वाद्य बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

माझे मत थोडे पुढे सरकले आहे, पण त्याचा पाया तोच आहे. या रचनेत तीन आवाज ऐकू येतात असे आपण म्हणतो तेव्हा ते ‘आवाज’ म्हणूनच ऐकतो. खालचा आवाज जणू भारदस्त पुरुषाचा, वरचा बाईचा. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ, प्रत्येकाचा श्वास. वादकाने त्या ओळी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर नुसता स्वरांचा गुंता होतो. म्हणून मी म्हणेन की येथे व्हायोलिन एका गळ्यासारखे गात नाही, अनेक गळ्यांसारखे गाते. सासष्टी यांच्या गायकवृंदाचा अनुभव मला येथे फार उपयोगी पडला.

एक फरक मात्र नोंदवते. माझ्या बैठकीत आणि माझ्या तारांच्या जुळणीत, म्हणजे सा-प-सा-प अशा लावलेल्या तारांवर, ही रचना जशीच्या तशी वाजणार नाही. तिच्यासाठी लागणारी बोटांची मांडणी पाश्चात्त्य जुळणीवर अवलंबून आहे. आणि बाख वाजवणाऱ्याला मारव्यातला रिषभ ऐनवेळी सापडणार नाही. दोन्ही हातांनी दोन वेगळी आयुष्ये वेचावी लागतात. श्रोत्याला मात्र दोन्ही एकाच जन्मात मिळतात, हे त्याचे भाग्य आहे.

आबोली

रियाझताई, ‘अनेक गळ्यांसारखे’ हे मला पूर्ण पटले. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील कापेला द मोंतच्या महोत्सवात हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही मैफली होतात. त्या कापेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, आत साथीशिवाय वाजवलेले व्हायोलिन ऐकण्याची संधी मिळाली तर कुणीही सोडू नये. दगडी भिंतींमुळे सुटलेला स्वर रेंगाळतो, आणि खुंटीबाबांनी सांगितले तसे कानाने धरून ठेवायचे काम थोडे वास्तूच करते.

कुळागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घुमट यांच्या सांगण्याप्रमाणे मात्रा मोजत ऐकायला सुरुवात केली आहे. वजन अजून नीट बसलेले नाही, पण मध्यावरचा बदल मला पहिल्याच वेळी कळला. ध्वनिमुद्रण कोणते ऐकावे?

मांडवीतीर

कुळागर, येहुदी मेन्युहिन यांनी १९३० च्या दशकात या सहाही रचनांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण केले. ते तरुण आणि धगधगते वादन आहे, मात्र ध्वनी जुना असल्यामुळे सुरुवात त्याने करू नये. आर्थर ग्रुमिओ यांचे १९६० च्या सुमाराचे ध्वनिमुद्रण स्वच्छ आणि गोड आहे, नवख्या श्रोत्याला ते जवळ घेते. हेन्रिक शेरिंग यांच्या वादनात तिन्ही आवाज सर्वांत वेगळे ऐकू येतात. नेथन मिलस्टाइन यांचे १९७० च्या दशकातले वादन मी सर्वांत जास्त ऐकतो, कारण त्यांत एकही स्वर शोभेसाठी येत नाही.

रियाझताईंच्या ‘अनेक गळे’ या म्हणण्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. फक्त त्या वेगवान, चारही तारांवरून फिरणाऱ्या गजाच्या जागा मला अजूनही कोणत्याच गळ्याच्या वाटत नाहीत. त्या जागांविषयी तुमचे मत वाचायला आवडेल.

रियाझ

त्या जागा फक्त गजाच्या आहेत. तेवढे मी मान्य करते. आता माझी अट : तुम्ही राजमबाईंचा दरबारी विलंबितापासून पूर्ण ऐका, मध्ये न थांबवता, आणि येथे लिहा.

मांडवीतीर

अट मान्य आहे. येत्या रविवारी ऐकतो आणि येथेच लिहितो.